केसांच्या बटेला गुंडाळलेला रंगीत दोरा घसरतो आणि मुळाशी दुखते; कुठे चुकत असावे?

पऱ्हाटीचे फूल

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहते. घराच्या ओसरीतच बांगड्या, टिकल्या, रिबिनी असे किरकोळ सामान विकण्याचे माझे छोटे दुकान आहे आणि लग्नसराईत मेंदीची कामेही घेते. उन्हाळ्यात माझी भाची गोकर्णला जाऊन आली, तेव्हा तिने समुद्रकाठी बसलेल्या एका बाईकडून केसांची एक बारीक बट मुळापासून टोकापर्यंत रंगीत दोऱ्यांनी गुंडाळून आणली होती. आठ दिवस ती आमच्याकडे राहिली आणि त्या आठ दिवसांत दुकानात आलेल्या प्रत्येक मुलीने ती बट हातात घेऊन, उलटीसुलटी करून पाहिली. तेव्हापासून मी हे काम घरी शिकण्याचा प्रयत्न करीत आहे.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या केसांवर मी दोन वेळा करून पाहिले. पहिल्या वेळी पोळ्याच्या सामानातून उरलेले चमकदार रेशीम वापरले, ज्याचे आम्ही बैलांच्या शिंगांसाठी गोंडे बांधतो. कानशिलाजवळची एक बट घेतली, वर गाठ मारली आणि दोरा गोल गोल गुंडाळीत खाली आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपूर्ण गुंडाळी चार बोटे खाली सरकली होती आणि फाटक्या पोत्यातून सरकी डोकावावी तसे मधून केस डोकावत होते. दुसऱ्या वेळी मी जिद्दीने घट्ट गुंडाळले, तर मुलीला रात्री त्या कुशीवर झोपता आले नाही, आणि रविवारी न्हाताना लाल रंगाचा ओघळ मानेवरून थेट पांढऱ्या टॉवेलवर आला. शेवटी सासूबाईंनीच कात्री मागितली, परंतु मी केस कापू दिले नाहीत आणि दोरा तासभर बसून उसवला.

आमच्या गल्लीत भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. यंदा गाणी म्हणायला येणाऱ्या मुलींना अशा बटा हव्या आहेत आणि मला चुका करून त्यांच्या आयांचा रोष ओढवून घ्यायचा नाही. दोरा कोणता घ्यावा, किती लांब कापावा, तो न घसरता आणि न दुखता कसा बसवावा, आणि महिनाभर डोक्यात राहिल्यास केसांचे नुकसान होते का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

जुनी सुई

ताई, तुमच्या वर्णनात तीन स्वतंत्र चुका एकमेकींत अडकलेल्या दिसतात, त्यामुळे एक सुधारायला गेलात तेव्हा दुसरी बिघडली. मी आर्वीला मुलींना भरतकाम शिकवीत असे आणि गेली काही वर्षे नातींच्या केसांवर हा उद्योग करीत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आधी दोऱ्याविषयी. गोंड्यांचे ते रेशीम बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. त्याला अंगचाच गुळगुळीतपणा असल्यामुळे ते ना केसाला धरून राहते, ना स्वतःच्या शेजारच्या वेढ्याला. त्याचा रंगही एका दिवसाच्या मिरवणुकीपुरता दिलेला असतो. बैलाला रोज न्हाऊ घालून कोणी गोंडा परत शिंगाला बांधीत नाही. तुम्ही भरतकामाची सुती लडी घ्यावी. तालुक्याच्या गावी अँकरची लडी मिळते. ती ८ मीटरची असते आणि तिच्यात सहा पदर असतात. केसांसाठी हे पदर सुटे करू नयेत, सहाही एकत्रच वापरावेत. आपल्याकडे बायका या लडीलाही रेशीमच म्हणतात, पण ते शंभर टक्के कापूसच असते. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास कॉस्टिक सोड्यातून सूत काढण्याची रीत शोधली आणि १८५० मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी तीच क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा त्याला ही झळाळी आली. आपल्या पऱ्हाटीच्या बोंडातला कापूस मी हाताळलेला असल्यामुळे ही चमक त्याचीच आहे यावर माझाही सुरुवातीला विश्वास बसला नव्हता.

सुती दोऱ्याचाही रंग तपासूनच घ्यावा. लडीचे टोक ओले करून पांढऱ्या कापडाच्या घडीत चिमटीने दाबून धरावे आणि मिनिटभराने घडी उघडून पाहावी. लाल, गर्द निळा आणि काळा हे तीन रंग हमखास तपासावेत. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होईल, या भरवशावर कृपा करून राहू नये. जो दोरा कापडावर डाग सोडतो तो सरळ बाजूला ठेवावा.

आता घसरण्याविषयी. तुमच्या मुलीच्या केसांना त्या दिवशी तेल होते का? आपल्या घरात मुलीच्या डोक्याला खोबरेल तेल नसलेला दिवस सापडणे कठीण, आणि तेलकट बटेवर कोणताही दोरा टिकत नाही. आदल्या दिवशी केस धुवावेत आणि गुंडाळण्यापूर्वी ते पूर्ण वाळलेले असावेत. बट पेन्सिलीएवढ्या जाडीची घ्यावी आणि तिची आधी बारीक तीनपेडी वेणी घालावी. सुट्या केसांवरून दोरा सरकतो, वेणीच्या खाचांत तो अडतो. बाकीचे केस मध्ये येऊ नयेत म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा हाताच्या पंजाएवढा तुकडा कापावा, त्याला मध्ये छिद्र पाडून कडेपासून छिद्रापर्यंत एक चीर द्यावी आणि बट त्या छिद्रातून बाहेर काढावी. डोके झाकले जाते आणि तुमच्यासमोर एकटी बट उरते. ही युक्ती साधी आहे, पण तिच्यामुळे निम्मा त्रास वाचतो.

चार रंगांचा प्रत्येकी २ मीटर दोरा कापून मधोमध दुमडावा. वेणीच्या मुळाशी, परंतु डोक्याच्या कातडीपासून ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर सोडून, या दुमडीने दोन गाठी माराव्यात. ते ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर म्हणजेच तुमच्या मुलीच्या दुखण्याचे उत्तर आहे. दोरा बटेभोवती घट्ट हवा, बट डोक्यावर घट्ट नको. या दोन गोष्टी एकच वाटतात, पण नाहीत. गाठ थेट कातडीला टेकवली की डोके हलवताना प्रत्येक केस मुळातून ओढला जातो.

यानंतर एक रंग हातात घ्यावा आणि बाकीचे सर्व दोरे वेणीसोबत सरळ धरावेत. ते आत झाकले जातात आणि हवे तेव्हा बाहेर काढता येतात. पहिले सहा वेढे नुसते गुंडाळू नयेत, प्रत्येक वेढ्याला फास घालावा: दोरा बटेवरून आडवा न्यावा, डाव्या बाजूला त्याचे एक कडे सुटे ठेवावे, टोक बटेमागून फिरवून त्या कड्यातून बाहेर काढावे आणि वरच्या दिशेने ओढावे. खाली ओढला तर फास सैल बसतो. सहा फासांनंतर आठ-दहा साधे वेढे, मग पुन्हा दोन फास, असे करीत जावे. साध्या वेढ्यांनी पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो आणि फासांमुळे गुंडाळी सरकत नाही. सगळेच फास एका बाजूचे घातले तर गाठींची उठावदार रेघ आपोआप बटेभोवती वळत जाते. ती मुद्दाम दिसू द्यायची असेल तर तीही सुंदर दिसते, पण दोरा जास्त लागतो.

दोऱ्याचा हिशेब मी एकदा पट्टी लावून केला होता. अशा बटेचा एक सेंटिमीटर झाकायला साधारण १८ ते २० सेंटिमीटर दोरा जातो. त्यामुळे ३० सेंटिमीटरच्या गुंडाळीला सहा मीटरच्या आसपास, आणि आत सरळ जाणारे दोरे व टोके धरून आठ मीटर, म्हणजे लांबीने एका लडीचाच ऐवज लागतो. केसांच्या लांबीच्या तिप्पट दोरा कापावा असे जे ऐकिवात असते, ते एकेका सुट्या टोकापुरते खरे आहे, एकूण दोऱ्याला नव्हे.

तुतारीवाला

मी या विषयात बोलावे की नाही, असा विचार करीत होतो. कारण मी शेतकरी माणूस आहे आणि माझी गुंडाळी केसांवर नसून बैल हाकायच्या काठीवर, म्हणजे आमच्या तुतारीवर असते. तरीही शेवट कसा करावा याबद्दल जुनी सुई काकूंनी काही लिहिलेले नाही, म्हणून एक गोष्ट सांगतो.

पोळ्याच्या आधी आम्ही तुतारीच्या मुठीवर रंगीत दोरा चढवतो आणि त्याच्या शेवटी गाठ दिसू देत नाही. शेवटचे दहा वेढे उरले असताना वेगळ्या दोऱ्याचा एक हातभर तुकडा दुमडून त्याचा फासा काठीच्या लांबीला समांतर ठेवतो. फाशाचे तोंड वेढ्यांच्या शेवटाकडे आणि दोन्ही टोके सुरुवातीकडे. त्याच्यावरून ते दहा वेढे घट्ट घेतो, गुंडाळीच्या दोऱ्याचे टोक फाशाच्या तोंडातून ओवतो आणि फाशाची दोन्ही टोके ओढतो. फासा वेढ्यांखालून सरकत बाहेर येतो आणि येताना टोकाला ओढून आत दडवतो. वर दिसणारे उरलेले टोक कापून टाकले की काम संपले. माझ्या एका तुतारीवरची अशी गुंडाळी तीन पावसाळे टिकली, मूठ घामाने काळी पडली, पण दोरा उलगडला नाही.

माझ्या पुतणीच्या बटेवर मी हेच करून पाहिले, ते जमले. मात्र टोकाला आगपेटीची काडी लावून चिकटवण्याचा मोह कोणी करू नये. नायलॉनची दोरी वितळून चिकटते; सूत वितळत नाही, ते पेट घेते, आणि येथे तर ते केसांत असते.

पऱ्हाटीचे फूल

काकू आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. होय, तेल होते, आणि भरपूर होते. मी लगेच लडी आणल्या. हिरवी, पिवळी आणि पांढरी कापडाच्या घडीत निर्दोष ठरली, परंतु दुकानातून आणलेल्या दोन लाल लडींपैकी एकीने गुलाबी डाग सोडला. दोन्ही एकाच खोक्यातून निघाल्या होत्या, त्यामुळे यापुढे प्रत्येक लडी स्वतंत्र तपासण्याचे ठरवले आहे.

फाशाची युक्ती मी झाडूच्या काडीवर तीन वेळा केली. पहिल्या दोन वेळी फासाच बाहेर आला आणि टोक जागेवर राहिले, कारण वेढे फार घट्ट झाले होते. तिसऱ्या वेळी जमले.

तांड्यावरची

पऱ्हाटीचे फूल ताई, तुमच्या प्रश्नातील एका वाक्याशी मी थांबले, आणि बाकीच्यांचे त्याकडे लक्ष गेलेले दिसत नाही. तुम्ही बट कानशिलाजवळची घेतली होती. ती जागा कृपया बदलावी.

माझे माहेर मानोरा तालुक्यातल्या तांड्यावर आहे. आमच्या आजीच्या पिढीतील बाया कानशिलाच्या दोन्ही बाजूंच्या केसांत घुगरी आणि टोपली हे चांदीचे दागिने दोऱ्याने गुंफून घालीत आणि ते आयुष्यभर अंगावर वागवीत. माझ्या आजीने दागिने उतरवले तेव्हा मी आठवीत होते. तिच्या दोन्ही कानशिलांवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा तुळतुळीत, कातडीसारखीच गुळगुळीत झालेली मला दिसली, आणि तेथे नंतर कधीच केस आले नाहीत. चांदीचे वजन आणि दोऱ्याचे वजन यांत फार मोठे अंतर आहे, हे मान्य. परंतु कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस मुळातच बारीक आणि नाजूक असतात, आणि सततच्या ओढीने तेथील केस आधी विरळ होतात. ओढ लवकर थांबवली तर ते परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर त्यांची मुळेच मरतात.

म्हणून बट मानेच्या वरच्या बाजूची, कानामागची, आणि तीही केसांच्या सर्वांत बाहेरच्या थरातली न घेता एक थर आतली घ्यावी. वरचे केस तिच्यावर पडतात, गुंडाळीचे मूळ झाकले जाते आणि चालताना रंग मधूनमधून दिसतो, जे माझ्या मते सगळी बट उघडी टाकण्यापेक्षा अधिक शोभते. टोकाला मणी किंवा कवडी ओवायची असेल तर एकच ओवावी. मुली हौसेने घुंगरांची माळच लावतात आणि मग दिवसभर ते वजन झुलत राहते.

आणखी एक विनंती, जी केवळ तुम्हाला उद्देशून नाही. बाजारात कवड्या लावलेल्या अशा बटेला सरसकट बंजारा बट म्हटले जाते. कवड्या आमच्या भरतकामात आहेत, केसांतील चांदी आमची आहे, पण समुद्रकाठी मिळणारी ही बट आमची नाही. तुमच्या दुकानात तिला नुसती रंगीत बट म्हटले तरी मुली घेतीलच.

गाठवणी

माझे सासर पटवेकऱ्यांचे आहे. सोन्याचे मणी आणि मंगळसूत्रे दोऱ्यात गाठवून देणे हा आमचा धंदा. सासरे पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो ताणून धरीत आणि दोन्ही हात मोकळे ठेवून त्याच्याभोवती रेशीम किंवा कलाबूत इतक्या सफाईने चढवीत की वेढा कोठे सुरू झाला हे शोधावे लागे. त्या अनुभवावरून मला असे वाटते, की महिनाभर टिकणारी वस्तू तुम्ही मुलींच्या केसांवर न करता वेगळ्या दोऱ्यावर करावी आणि ती केसांत बांधावी.

आपल्याकडे वेणी बांधायच्या दोरीला आगवळ म्हणत. आता तो शब्द फक्त म्हाताऱ्या बायांच्या तोंडी राहिला आहे. तीच कल्पना येथे चालते. काळ्या सुती दोऱ्याचे आठ-दहा पदर केसांच्या लांबीएवढे घ्यावेत, एक टोक खिळ्याला किंवा पायाच्या अंगठ्याला अडकवावे, ताण द्यावा आणि त्या गाभ्यावर तुमचे चार रंग चढवावेत. वरच्या टोकाला चार बोटे काळा दोरा मोकळा ठेवला की तो केसांच्या बटेत वेणीसारखा गुंफता येतो, किंवा केसांच्या छोट्या चापाला शिवता येतो. मुलीला तासभर मान वाकवून बसावे लागत नाही, तुमच्या हाताला खरा ताण मिळतो, न्हाताना वस्तू काढून ठेवता येते, आणि शाळेत जाताना तर ती घरीच राहते. तुमच्यासारख्या दुकानदारणीला आणखी एक सोय अशी की रिकाम्या दुपारी दहा करून ठेवता येतात.

जुनी सुई

गाठवणी ताईंचा मुद्दा दुकानाच्या दृष्टीने बिनतोड आहे आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलींसाठी मी स्वतःही तोच मार्ग सुचवीन. तरी माझे एक मत नोंदवते. गाभ्यावर केलेली गुंडाळी काडीसारखी ताठ लोंबते, केसांवरची गुंडाळी मुलीने मान वळवली की तिच्याबरोबर वळते. ज्या मुलीने दुसरीच्या केसांतली खरी बट हातात घेऊन पाहिली आहे, तिला चापाची बट दिल्यावर तिचे तोंड उतरते. माझ्या धाकट्या नातीचे उतरले होते. पदर दहाऐवजी पाच घेतले आणि ताण जरा कमी दिला, तर ताठपणा बराच कमी होतो.

पऱ्हाटीचे फूल

दोन्ही गोष्टी ठेवीन. लहान मुलींना चापाची आणि मोठ्यांना केसांवरची. आता दोन अडचणी उरल्या आहेत. मुलींच्या शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबीन सक्तीची आहे. रंगीत बट दिसली तर बाई ओरडतील. आणि उवांचे काय करावे, हे मला कोणाच्या आईला विचारण्याचीही लाज वाटते, पण आपल्या गावांतील वस्तुस्थिती सर्वांना ठाऊक आहे.

फेरीवरची ताई

मी गावोगावी आरोग्याच्या कामासाठी फिरते, त्यामुळे उवांबद्दल लाज वाटण्याचे दिवस माझ्यापुरते तरी संपले आहेत. दोऱ्यामुळे उवा होत नाहीत. त्या एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात. परंतु गुंडाळलेल्या बटेतून फणी फिरत नाही आणि तिच्या मुळाशी लिखा राहिल्या तर बाकीचे डोके स्वच्छ करूनही आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू होते. त्यामुळे गुंडाळण्यापूर्वी दारात, उजेडात बसवून कानांमागे आणि मानेवर लिखा आहेत का ते पाहावे. दिसल्या तर त्या मुलीला चापाची बट द्यावी आणि कारण तिला एकटीलाच सांगावे. एकीच्या डोक्यावर वापरलेली फणी दुसरीच्या डोक्यावर फिरवू नये, हे वेगळे सांगायला नको, पण घाईत हेच विसरले जाते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. सूत पाणी धरून ठेवते. भाद्रपदात आपल्याकडे पाऊस आणि दमटपणा असतो, आणि न्हाल्यानंतर मुली केस ओलेच बांधून शाळेत पळतात. मग वेणीत दडलेली गुंडाळी संध्याकाळपर्यंत ओली राहते, तिला कुबट वास येतो आणि खालची कातडी खाजू लागते. न्हाल्यावर बट सुक्या फडक्यात धरून वरपासून खालपर्यंत पिळावी, म्हणजे पिरगळू नये तर मुठीत दाबावी, आणि रविवारच्या दिवशी केस मोकळे सोडून उन्हात वाळू द्यावेत. डोक्याला तेल लावायचे तर बोटांच्या टोकांनी मुळाशी लावावे, बटेवर चोपडू नये. खाज, पुळी किंवा दुखणे सुरू झाले तर भुलाबाई संपण्याची वाट न पाहता दोरा काढावा.

शाळेचे मात्र सोपे आहे. मानेवरची बट घेतली असेल तर ती त्या बाजूच्या वेणीच्या एका पेडात आतल्या अंगाने घालता येते आणि वेणी दुमडून रिबीन बांधली की रंग जवळपास दिसत नाही. तरीही ज्या शाळेत बाई कडक आहेत, तेथील मुलीला आधी घरी विचारून यायला सांगावे.

काढण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. वरून कापायला सुरुवात करू नये. सर्वांत खालचे टोक सोडवावे आणि दोरा जसा चढवला तसा उलटा उलगडत वर यावे; फास आला की त्याच्यात सुईचे मागचे टोक घालून सैल करावा. ब्लेड तर घरात ठेवलेच आहे म्हणून वापरू नये, त्याने दोऱ्याबरोबर केसही कापले जातात. बट मोकळी झाल्यावर हातात केसांचा पुंजका येतो आणि तो पाहून आया घाबरतात. त्याचे कारण आधीच सांगून ठेवावे. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात, आणि डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. पेन्सिलीएवढ्या बटेत हजारेक केस धरले तर त्यांतला रोज अर्धा-एक केस आपोआप गळणारच. एरवी तो फणीत किंवा अंगणात जातो, येथे दोऱ्याच्या आत अडकून राहतो. महिन्याचे पंधरा ते तीस केस एकदम हातात येतात, म्हणून ते जास्त वाटतात. याच्यापेक्षा बरेच अधिक निघाले, किंवा केसांच्या मुळाकडच्या टोकाला पांढरा ठिपका नसून ते मधूनच तुटलेले दिसले, तर मात्र दोरा घट्ट होता असे समजावे.

महिना हीच मुदत ठेवावी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे गाठ तेवढी खाली येते, लोंबू लागते आणि वरच्या मोकळ्या केसांवर सगळा भार पडतो.

पऱ्हाटीचे फूल

कोजागिरी होऊन चार दिवस झाले, म्हणून हकीकत लिहायला आले आहे. एकूण सात बटा केसांवर केल्या आणि चौदा चापांवर. दर मी लांबीवर ठेवला, एका वितेला एक दर, म्हणजे आखूड केसांच्या मुलीला वाईट वाटत नाही. केसांवरच्या एका बटेला मला सुरुवातीला सव्वा तास लागत असे, शेवटच्या दोघींना पाऊण तास लागला. पाच मुलींच्या बटा महिनाभर जागच्या जागी राहिल्या. सहावीची तीन दिवसांत सरकली. तिने आदल्या दिवशी केस धुतले होते, पण सकाळी आजीने देवासमोर बसवून पुन्हा तेल लावले होते, हे नंतर कळले. सातवीने ज्वारीच्या धांड्यांच्या मखराला केस अडकवून एक फास तोडला, तो मी सुईने आत घेतला.

चापांच्या बटांपैकी पाच पदरांच्या होत्या त्या आधी संपल्या. दहा पदरांच्या तीन अजून दुकानात टांगलेल्या आहेत, त्यामुळे जुनी सुई काकूंचे म्हणणे माझ्या गिऱ्हाइकांनीच मान्य केले असे दिसते.

माझ्या मुलीची बट काल उसवली. तुतारीवाल्या दादांच्या पद्धतीने दडवलेले टोक शोधायलाच दहा मिनिटे गेली. सासूबाई शेजारी बसून होत्या आणि केसांचा पुंजका दिसताच त्यांनी माझ्याकडे पाहिले. मुलीने तो पांढऱ्या कागदावर पसरला आणि एकेक केस वेगळा करून मोजला. बावीस निघाले, आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका होता.